जाळ्याचे दार

एका राज्यात राजाहून खाडीचा मान मोठा होता. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी राजवाड्याच्या पायरीला लागे आणि दोनदा परत फिरे. भाट म्हणत, दर्या महाराजांच्या मुजऱ्याला येतो. पण पाणी यायच्या वेळी महाराजच सज्जात येऊन उभे राहत, तेव्हा मुजरा कोण कोणाला करी हे ज्याचे त्याने समजावे.

खाडीच्या मुखाशी कोळ्यांची वस्ती होती. तिथल्या प्रत्येक जाळ्याला तळाशी एक भोक असे, मूठ जाईल एवढे. जाळे विणताना घरची बाई तेवढी जागा मोकळी सोडी. पुरुष हसत आणि म्हणत, आमच्या बायकांना शेवटची गाठ काही येत नाही. बायका ऐकून घेत आणि गप्प बसत. कारण ते भोक नव्हते, ते दर्याचे दार होते. जाळ्यात आलेल्यांपैकी जे लहान, जे चपळ, ज्याचे आयुष्य अजून उरलेले, ते त्या दाराने परत जाई आणि पुढच्या वर्षी आपले गणगोत घेऊन येई. या दाराचे नाव मोठ्याने घ्यायचे नसे. सुनेने सासरचे पहिले जाळे हातात घेतले की सासूने ते तिच्या कानात सांगायचे. बाहेरच्या कोणी सांगायचे नाही, अशी रीत.

आता भिवा नाखव्याच्या घरी सासूच नव्हती. त्याची बायको राही पावसाळ्याच्या तोंडी वारली आणि मुलाचे लग्न झाले थंडीत. जाताना राहीने नवऱ्याला जवळ बोलावले, त्याच्या कानात दार सांगितले आणि म्हणाली, सून आली की तिच्या कानी घाला, विसरू नका. भिव्याने मान हलवली. त्या वस्तीत ही गोष्ट ठाऊक असलेला तो पहिलाच पुरुष.

सून आली. तिचे नाव सारजा. माहेर वर डोंगरात, नदीकाठी. दर्या तिने पहिल्यांदा पाहिला तो वरातीतून. एवढे पाणी सांडत कसे नाही, असे तिने नवऱ्याला विचारले आणि हरबा इतका हसला की वाजंत्री थांबले. हरबा हसरा गडी होता. त्याचे हसणे होडी लागायच्या आधी घरात पोचे, आणि सारजेला त्या घरात पहिल्या दिवसापासून परके वाटले नाही ते त्या हसण्यामुळेच.

भिवा वादळात होडी काढणारा माणूस. पण सुनेच्या कानाशी तोंड न्यायचे म्हटले की त्याला घाम फुटे. सासऱ्याने सुनेच्या कानात बोलायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते? लोक काय म्हणतील, पोर काय म्हणेल? आज नको, उद्या सांगू, असे करता करता एके दुपारी सारजेने आपणहून जाळे हातात घेतले.

तिच्या माहेरी फाटके जाळे म्हणजे घरच्या सुनेची लाज. तिने तळाचे भोक पाहिले आणि तिचा जीव कळवळला. बाईमाणूस नाही घरात, कोण बघणार होते, असे म्हणून तिने सुई घेतली आणि भोक शिवून टाकले. शेवटच्या गाठीत आपल्या डोक्याचा एक लांब केस ओवला. बायकोचा केस जाळ्यात असला की धनी वाट चुकत नाही, अशी तिच्या माहेरची समजूत. गाठ मारून तिने ती दाताने आवळली आणि जाळे घडी करून ठेवले. करायला गेली एक आणि झाले भलतेच, म्हणतात ते असे.

दुसऱ्या दिवशी हरब्याची होडी काठोकाठ भरून आली. मोठी मासळी तर होतीच, पण बोटाएवढी, नखाएवढी मासळीही ओंजळींनी होती. वस्ती जमली. भिव्याने जाळ्याच्या तळाशी हात घातला. हाताला दार लागले नाही. त्याने सुनेकडे पाहिले. ती पदर सावरून उभी होती, शाबासकीची वाट पाहत. या लेकराला आता काय बोलायचे, असे त्याच्या मनात आले आणि तो गप्प राहिला. तो गप्प राहिला, तिथून पुढचे सगळे घडले.

बातमी राजवाड्यात गेली. तिथला राजा भद्रसेन काही वाईट नव्हता. लहानपणी त्याने असा दुष्काळ पाहिला होता की राजवाड्यातसुद्धा चूल थंड होती. तेव्हापासून रिकामे भांडे दिसले की ते भरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. भरलेल्या होडीची हकीकत ऐकून त्याने ते जाळे मागवून घेतले आणि सिंहासनामागे टांगले. हरब्याला दुसरे जाळे विणून मिळाले. मग राजाने आपल्या मांत्रिकाला, कपिलाक्षाला, विचारले की अशी जाळी सर्वांची होतील काय.

कपिलाक्षाने गाठीतला केस पाहिला. तो म्हणाला, हा केस प्रेमाने बांधलेला आहे, याचा धागा कधी तुटायचा नाही. त्याने मंत्र म्हणून त्या एका केसातून रीळच्या रीळ धागा कातला. राजाने दवंडी पिटली की राज्यातल्या कोणत्याही जाळ्याला भोक राहता कामा नये. राजा बोले, दळ हाले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले, पण मोठ्याने बोलायचे नाही ही रीत आडवी आली. दारे शिवली गेली.

आता बारीक मासळी इतकी येऊ लागली की खाणारा कोणी उरेना. कपिलाक्षाला युक्ती सुचली. त्याने खाडीकाठची, मासळीच्या पिलांना आसरा देणारी तिवरांची दाट राई तोडली, बांध घालून मोठे तळे केले आणि त्यात जिताडे मासे सोडले. मंत्राने त्यांना सोन्याचे खवले फुटले. जिताडे बैलाएवढे वाढले आणि लोक यात्रेसारखे बघायला लोटले. राजाला वाटले, आता माझ्या राज्यात दुष्काळ येणे नाही. पण एका जिताड्याला एका वेळेला टोपल्यांवर टोपल्या बारीक मासळी लागे आणि खाऊन त्याची भूक आणखी वाढे. तळ्याचे पाणी काळे झाले. ते खाडीत झिरपले, तेव्हा काठचे खेकडे बिळे सोडून गेले आणि कालवांची तोंडे उघडी पडली.

मासळी किनाऱ्याजवळ मिळेनाशी झाली. होड्या लांब जाऊ लागल्या, सर्वांत लांब हरबा. जाताना तो सारजेला म्हणे, आज उशीर होईल, पण माझं हसणं आलं की भात टाक. एक दिवस असाच गेला.

त्या दिवशी ओहोटी लागली ती परत फिरलीच नाही.

भरतीची वेळ झाली. राजा सज्जात आला. पाणी आले नाही. खाडीचा तळ उघडा पडला, त्यापुढे दर्याचा तळ उघडा पडला आणि नजर जाईल तिथवर चिखल दिसू लागला. अति तेथे माती, असे आपण नुसते म्हणतो, त्या राज्याने ती पाहिली. जवळच्या होड्या चिखलात कलंडल्या आणि त्यांतली माणसे चालत घरी आली. हरबा मात्र आला नाही. तो जिथे होता तिथले पाणी दर्याने सोबत नेले, आणि पाण्याबरोबर त्याला.

सारजेने भात टाकला नाही. ती किनाऱ्यावर बसून राहिली. शेजारच्या खुंटावर एक म्हातारा पाणकावळा पंख पसरून बसला होता. वाळवायला पंखांना पाणी नव्हते, पण सवय होती.

"बाई," पाणकावळा म्हणाला, "बसून पाणी येत नसते."

"मग कशाने येते?"

"ते दर्याच्या राणीला ठाऊक. पाणी जिथे थांबले आहे तिथे ती असते. मी वाट दाखवीन. माझी पिले उपाशी आहेत, म्हणून दाखवीन. परोपकार समजू नये."

पाणकावळा पुढे उडाला, सारजा मागे चालली. पायाखाली शिंपले, बुडाल्या जहाजांच्या बरगड्या, कोणाचे तरी नांगर. एकही मासा दिसला नाही. चालता चालता तिने किती वेळा मागे पाहिले, पण किनारा लहान होत होता आणि पुढे पाण्याचा मागमूस नव्हता. भ्यायली ती, रडली सुद्धा. पण थांबली नाही.

शेवटी पाणी दिसले. ते भिंतीसारखे उभे होते आणि त्याच्या पायथ्याशी एक कासवीण बसली होती, अंगणाएवढी. पाठीवर शेवाळ, मानेभोवती दोऱ्याचा वळ. दरसाल ती अंडी घालायला किनाऱ्यावर येई, आणि यंदा जाळ्यातून सुटता सुटता तिला तो वळ पडला होता. हीच दर्याची राणी.

"कोणाला शोधतेस?" तिने विचारले.

"आमच्या घरच्यांना," सारजा म्हणाली.

"दर्यात अशी पुष्कळ घरची आहेत. नाव सांग."

सारजेने नवऱ्याचे नाव कधी घेतले नव्हते. इकडेतिकडे पाहून तिने हळूच सांगितले, "हरबा."

कासविणीने डोळे मिटले. "तो आहे. पण मी सोडायची नाही. तुम्ही माझे दार बंद केले, मी माझे बंद केले. तुला ते उघडायचे असेल तर तीन गोष्टी कर. पोटात अंड्यांची गाबोळी असलेली एक मासळी जिवंत आण. तिवराची सावली आण. आणि जिने दार बंद झाले ती पहिली गाठ, जिने मारली तिच्याच हातून सुटू दे."

कोणते दार, कोणती गाठ, सारजेला उमगेना. विचारले तर कासवीण म्हणाली की तुझ्या घरात एकाला ठाऊक आहे, त्याला विचार, आणि तिने मान कवचात ओढून घेतली. दर्याची राणी झाली तरी कासवच ते. सारजा आली तशी माघारी फिरली.

गाबोळीची मासळी आता राज्यात एकच उरली होती, आणि ती राजाच्या मुदपाकखान्यात तांब्याच्या घंगाळात पोहत होती. राजाला गाबोळी फार आवडे. सारजा दरबारात उभी राहिली आणि तिने ती मासळी मागितली. दरबारी हसले. राजा हसला नाही. त्याने विचारले, "राज्यात अन्न संपत आले असता तू माझ्या तोंडचा घास मागतेस. का द्यावा?"

सारजा दर्याकाठची असती तर तिला दर्याचे उत्तर सुचले असते. ती नदीकाठची, तिच्या गावी भातशेती होती. ती म्हणाली, "महाराज, आमच्याकडे कितीही भूक लागली तरी बियाणं शिजवीत नाहीत. तिच्या पोटात बियाणं आहे."

राजाला त्याची आई आठवली. दुष्काळात तिने भाताचे एक गाठोडे उशाशी ठेवले होते. तो भुकेने रडे, तिच्या हातांना चावे, पण तिने ते गाठोडे सोडले नाही. आई आपल्यावर प्रेम करीत नाही असे त्या वेळी त्याला वाटले होते. पाऊस आला तेव्हा ती नव्हती. गाठोड्यातले भात पेरले गेले, आणि आज ज्या राज्यावर तो बसला होता ते त्या गाठोड्यातून उगवले होते. राजाने स्वतः उठून घंगाळ आणले आणि सारजेच्या हातात दिले.

घंगाळ घेऊन ती तळ्यावर आली. तिवराची राई तुटली होती, पण बांधाच्या कोपऱ्यावर एक तिवर अजून उभे होते. त्यावर पाणकावळ्याचे घरटे होते आणि घरट्यात पिले चोच उघडून बसली होती. झाडाखाली कपिलाक्ष उभा होता. त्याचे डोळे पिंगट होते आणि त्यांखाली काळी वर्तुळे, कारण जिताडे त्याला झोपू देत नसत. सारजेने सावली मागितली.

"फुकट काही मिळत नाही," मांत्रिक म्हणाला. "दिवसभर माझ्या जिताड्यांना जेवू घाल. त्यांचे पोट भरले तर सावली तुझी. न भरले तर हे झाड उद्या तोडीन."

बांधावर कोठार होते, त्यात वाळवलेल्या बारीक मासळीचे डोंगर रचलेले. सारजा टोपली भरी आणि तळ्यात ओती. पाणी उसळे, सोन्याचे खवले चमकत, टोपली संपे. पुन्हा टोपली. दुपारी ती दमून कोठारात बसली आणि ओंजळीतल्या मासळीकडे तिचे प्रथमच नीट लक्ष गेले. सगळे एकाच जातीचे बारके मासे असतील असे तिला वाटत होते. तसे नव्हते. हा नखाएवढा बांगडा होता, पाठीवर रेघा उमटू लागलेल्या. ही पापलेटाची टिकली. ही सुरमई, शिवणसुईएवढी. हा जिताडासुद्धा होता, तळ्यातल्या जिताड्यांचाच भाऊ. सगळी पोरे होती. मोठी होण्याआधीच वाळलेली पोरे, डोळे उघडे असलेली. सारजा ओंजळ मांडीवर घेऊन हमसून रडली. तिने जाळे शिवले त्या दिवसानंतरच ही पोरे किनाऱ्यावर येऊ लागली होती, हे तिच्या ध्यानात आले, आणि कोणती गाठ हेही.

ती उठली आणि रिकामी टोपली घेऊनच बांधावर गेली. कपिलाक्षाला तिने विचारले, "यांचे पोट तुम्ही कधी भरलेले पाहिले आहे?"

मांत्रिकाने तोंड तळ्याकडे वळवले.

"हे कोठार संपल्यावर काय घालाल?"

तो खाली बसला. मांत्रिक झाला तरी रोजच्या रोज भुकेला तोंड देऊन तो थकला होता. दर्या आटल्यावर हे कोठार फार दिवस पुरणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, फक्त त्याने ते महाराजांना सांगितले नव्हते. मग तो म्हणाला, "त्यांचे पोट भरत नाही. सावली घेऊन जा. मी दिली असे कुठे बोलू नकोस."

सावली बांधावर पडली होती. सारजेने एका टोकाकडून ती गुंडाळली, चटई गुंडाळतात तशी, आणि खांद्यावर घेतली. ती थोडी ओली होती आणि तिला चिखलाचा वास येत होता. पाणकावळ्याने वरून पाहिले आणि पिलांना म्हणाला, आता ऊन सोसा थोडे, बाई कामाला गेली आहे.

उरली गाठ. सारजा घरी आली. भिवा ओट्यावर बसला होता. मुलगा गेल्यापासून तो जेवला नव्हता. तिने घंगाळ ठेवले, सावली ठेवली आणि सासऱ्याच्या पायाशी बसून विचारले, मामंजी, जाळ्याला दार असते का?

भिव्याच्या डोळ्यांतून पाणी आले. तो उठला, वाकला आणि ज्या कामाची त्याला एवढे दिवस लाज वाटली ते त्याने केले. सुनेच्या कानाशी तोंड नेऊन त्याने दार सांगितले, राहीने सांगितले होते त्याच शब्दांत. मग म्हणाला, "चूक तुझी नाही गो, बाय. मी बोललो नाही. तुझ्या तोंडावर आनंद होता, तो मोडवला नाही मला."

सारजेने विचारले, ती गाठ मी त्यांच्यासाठी मारली होती. त्यांनी वाट चुकू नये म्हणून. ती सोडली आणि ते आलेच नाहीत तर?

म्हाताऱ्याला एकच मुलगा होता. मग त्याने आपला मुंडासा डोक्याला बांधला. "चल," तो म्हणाला. "मी येतो सोबत."

दरबारात सिंहासनामागे ते जाळे टांगलेले होते. सारजेने महाराजांकडे गाठ सोडायची परवानगी मागितली. कपिलाक्ष पुढे आला, त्याचे तोंड पांढरे पडले होते. त्याने सांगितले की राज्यातली सर्व जाळी याच केसाच्या धाग्याने शिवलेली आहेत. ही सुटली तर सर्व सुटतील, तळ्याला दाणापाणी राहणार नाही आणि त्याचा मंत्रही उरणार नाही. राजाने आधी मांत्रिकाकडे पाहिले, मग घंगाळातल्या मासळीकडे. तिचे पोट तटतटून फुगले होते.

"सोड," राजा म्हणाला.

गाठ मिठाने दगड झाली होती. नखाने सुटेना, सुईने सुटेना. ज्या दातांनी आवळली होती त्याच दातांनी सारजेने ती सैल केली. तिला वाटत होते की हरब्याचा हात आपल्या हातात आहे आणि आपण एक एक बोट सोडत आहोत. शेवटचा पीळ राहिला तेव्हा ती थांबली. सासऱ्याकडे पाहिले. भिव्याने डोळे मिटून मान हलवली. तिने केस ओढून काढला.

जाळ्याच्या तळाशी मूठ जाईल एवढे दार उघडले. वस्तीत काठ्यांवर वाळत घातलेल्या प्रत्येक जाळ्याचे दार त्याच क्षणी उघडले. तळ्याच्या बांधावर एकट्या तिवराने मुळे पसरली आणि बांध शिवणीसारखा उसवला. जिताड्यांचे सोने पाण्यात विरघळले आणि ते साध्या, भल्या, भुकेल्या जिताड्यांसारखे खाडीच्या खड्ड्यांत शिरले. आणि कपिलाक्षाच्या अंगातला मंत्र गेला, तशी त्याला मातकट पिसे फुटली, एक पाय वर गेला आणि तो ढोकरी बगळा झाला. अजून तो पाणथळीत उभा असतो. एका वेळी एकच मासा धरतो आणि तेवढ्याने त्याचे पोट भरते. लोक म्हणतात, त्याला आता झोपही चांगली लागते.

मग वास आला. मग आवाज आला. पाणी परत येत होते.

सारजा घंगाळ घेऊन धावली. पाणी गुडघ्याला लागले तसे तिने मासळी सोडली आणि तिच्यावर तिवराची सावली अंथरली. सावली तळाला लागली, तिथे मुळे फुटली आणि मुळांच्या जाळीत मासळी दिसेनाशी झाली. पाणी चढत चढत राजवाड्याच्या पायरीला लागले. राजाने सर्वांदेखत वाकून मुजरा केला. पुन्हा शंका नको म्हणून.

सारी वस्ती किनाऱ्यावर होती. पाणी आले, फेस आला, पाणकावळे आले. होडी आली नाही.

भरती पुरी झाली आणि पाणी परत फिरू लागले, तेव्हा लोक घाबरले. आता हे पुन्हा येईल की नाही? काही जण ओरडले की बांध घाला, अडवा पाण्याला. सारजा पाण्याच्या कडेला उभी होती. हातात तो केस होता. तो कशाला तरी बांधावा असे तिला फार वाटले, खुंटाला, होडीला, कशालाही. तिने मूठ उघडली आणि केस ओहोटीबरोबर जाऊ दिला. "जाऊ द्या," ती लोकांना म्हणाली. "त्याला जाऊ द्या."

पाणी गेले. ती घरी गेली नाही. भिवा तिच्याशेजारी येऊन बसला.

पुढच्या भरतीला होडीच्या आधी हसणे आले. सारजेला ते ऐकू आले तेव्हा तिला पहिल्यांदा भात टाकायची आठवण झाली. भिवाच पाण्यात धावला, म्हातारा असून, मुंडासा सुटून गळ्यात आला तरी. शीड फाटलेले, अंग मिठाने पांढरे झालेले, पण हरबाच होता तो. कुठे होतास म्हणून सगळ्यांनी विचारले तर त्याला सांगता येईना. एका अंगणाएवढ्या कासवाच्या सावलीत निजलो होतो, एवढेच त्याला आठवत होते.

त्याने जाळे खांद्यावरून उतरवले आणि सारजेपुढे ठेवले.

"मासळी फारशी नाही गो," तो म्हणाला. "जाळ्याला तळाशी भोक पडलंय. बघ, मूठ जाते. उद्या शिवून ठेव."

सारजेने त्या भोकात हात घातला आणि पलीकडून त्याचा हात धरला. रडत होती आणि हसतही होती.

"नाही शिवायची," ती म्हणाली.

हरब्याने बापाकडे पाहिले. भिवा आकाशाकडे पाहत होता, जसे काही ऐकलेच नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि पदराआड हसल्या. आणि हरबा पुढे जन्मभर म्हणत राहिला, बाकी सगळं येतं माझ्या बायकोला, तेवढी शेवटची गाठ काही येत नाही.

त्या वर्षी कमी मिळाले, पुढच्या वर्षी पुरेसे मिळाले, त्यापुढे तिवरांची राई वाढली आणि कासवीण अंडी घालायला आली. राजा भद्रसेन गाबोळी खायचा तो ऋतू पाहून खाऊ लागला. सारजेची सून आली तेव्हा सारजेने तिच्या कानात सांगायचे ते सांगितले, पहिल्याच दिवशी, न लाजता. दर्या भरला, दार उघडे राहिले, आणि ही गोष्टही त्याच दाराने निघून गेली, आपले गणगोत घेऊन परत यायला.